देवराई बघायला जाताना

प्रश्न : आमच्या निसर्गमंडळाचे पंधरा जण मुळशी तालुक्यातली दोन एकरांची देवराई बघायला जाणार आहेत. सोबत पन्नास रोपं नेऊन तिथे लावायचा विचार आहे. कधी जावं, काय काळजी घ्यावी?

उत्तर : आधी रोपांचं. ती कृपया नेऊ नका. देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, मोकळी दिसणारी जागा रिकामी नसते. पाचोळ्यात नीट पाहिलंत तर अंजनी, पिसा, जांभूळ यांची वीतभर रोपं दिसतील. सावलीत ती वर्षानुवर्षं जवळपास तेवढीच राहतात आणि एखादं जुनं झाड कोसळून ऊन खाली आलं की झपाट्याने वर सरकतात. तुमचा प्रत्येक खड्डा यांच्या मुळांवर पडेल. शिवाय रोपवाटिकेच्या पिशवीतल्या मातीतून गाजरगवताचं बी येऊ शकतं.

याच कारणाने पंधरा जणांनी एकदम आत शिरू नये. पाच-पाचचे तीन गट करा आणि मळलेल्या पायवाटेवरून एकामागे एक चाला. पाचोळ्यावर पसरून चाललं की माती दबते, पाणी मुरत नाही आणि रोपं चिरडतात. ओली माती सर्वांत जास्त दबते, म्हणून पावसाळा टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. राईबाहेरच बुटांचे तळवे आणि मोजे झटका. रानमोडी या तणाचं केसाळ बी त्यांना चिकटून आत जातं.

जाण्याआधी गावात विचारा. कुठे राईत पायताण चालत नाही, कुठे देवापर्यंत बायकांना जाऊ देत नाहीत, कुठे गुरवाशिवाय कोणीच आत जात नाही. हे दारात पोहोचल्यावर कळलं तर वाद होतात. पडलेली काटकीही उचलायची नाही, हा बहुतेक रायांतला नियम मात्र मनापासून पाळा. कुजणाऱ्या ओंडक्यावर बुरशी, गोमी, भुंगेऱ्यांच्या अळ्या जगतात आणि त्याचीच पुढे माती होते.

प्रश्न : राई खरंच जुनी आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : एका जाड झाडावरून ठरवू नका. घेर मोजायचाच तर जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप धरा. बुंध्याला आधारमुळांच्या भिंती असतील तर त्यांच्या वर. पण त्याहून बोलका पुरावा म्हणजे बोटभर रोपापासून म्हाताऱ्या झाडापर्यंत एकाच जातीच्या सगळ्या वयांची झाडं शेजारी असणं. मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल शेंड्यापर्यंत चढलेली असेल, तर तिथे बराच काळ कुऱ्हाड लागलेली नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आसपासच्या रानातून गेलेल्या वनस्पती अशा राखलेल्या तुकड्यांत टिकल्याचं दिसलं. उलट देवळाभोवती फरशी, खाली झाडून स्वच्छ केलेली जमीन आणि वर नुसती मोठी झाडं दिसली, तर त्या राईची पुढची पिढी संपत आली आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली हे सर्रास होतं आणि ते थांबायला हवं.

प्रश्न : राईत झाडाला टेकल्यावर अंगावर फोड येतात म्हणतात. खरं का?

उत्तर : रानबिब्ब्याच्या चिकाने येतात. खोडावर काळे, डांबरासारखे ओघळ दिसले तर हात लावू नका. चीक लागलाच तर चोळू नका. लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, कपडेही बदला. फोड फोडू नयेत. डोळ्याजवळ किंवा तोंडाजवळ सूज आली तर थेट डॉक्टर गाठा.