गरम जॉब मोजू नकोस

चि. बाळा,

परवा ऑफिसातल्या कॅम्पची चिठ्ठी दाखवलीस. बीपी १५२/९८. वर म्हणालास, "सर, पण मला तर काहीच होत नाही." तेव्हा मी चहा पीत गप्प बसलो. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

काहीच होत नाही! भांडुपच्या टूलरूममध्ये चार वर्षं माझ्या हाताखाली होतास. नुसता गुळगुळीत दिसतो म्हणून मी एक तरी शाफ्ट पास केला होता? बीपीचंही तेच. वाढलं तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. डोकं दुखेल, गरगरेल, मग बघू, असं म्हणणारे आपल्या प्रत्येक चाळीत आहेत. अंदाज नको, माप घे.

आणि एका आकड्यावरून रात्रभर मोबाईलवर स्वतःचं मरण शोधत बसलास, तेही मला पटलं नाही. लेथवरून उतरलेला गरम जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, तापून फुगलेला असताना कधी मोजला होतास का? तू ८.१२ची लोकल पकडून, पूल चढून, कटिंग मारून थेट खुर्चीत बसलास, आणि पट्टा फुगत असताना गप्पा मारत होतास. हे तूच सांगितलंस. आधी पाच मिनिटं शांत बस. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, दंड छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा नाही, सिगारेट नाही, आणि लघवी तुंबवून बसू नकोस. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. तुझ्या जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा फुगतो. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, आठवडाभर, तारीख घालून वहीत. घरची सरासरी १३५/८५च्या वर निघाली तर डॉक्टरकडे जायचं. दवाखान्यात मोजलं तर रेघ १४०/९०ची. मात्र १८०/१२०च्या वर गेलं आणि छातीत दुखतंय किंवा बोलताना जीभ अडखळतेय, तर वही ठेव आणि सरळ कॅज्युअल्टी गाठ.

कारणं तुला ठाऊक आहेत: वडिलांना होतं, पोट सुटलंय, रात्रपाळी, तंबाखूची पुडी. उगाळत नाही. मिठाचं तेवढं बोलतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यातच भाजी, पापड, लोणचं, वडापाव, फरसाण सगळं आलं. सुकट आणि खारा बोंबील मलाही सुटलेला नाही, तेव्हा तिथे उपदेश करत नाही. पण ताटात वरून मीठ घेणं बंद.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. २००३ साली कंपनीच्या तपासणीत १६०/१०० निघालं. चिठ्ठी टूलबॉक्सच्या खालच्या खणात टाकली. ओव्हरटाइम होता, मुलीची बारावी होती, आणि एकदा गोळी लागली की जन्मभराची, असं जो तो सांगायचा. पुढे चार महिने गोळी घेतली, वरचा आकडा १२८ आला, म्हणून बंद केली. जॉब थंड आहे म्हणून त्याला थंड ठेवणारं कूलंट कुणी बंद करतं का? पण हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल. मी अडाणी नव्हतो रे, वेळ नव्हता. तू घर चालवतोस, तुला कळेल.

२००९ साली लकव्याने उजवा हात गेला. परत आला, पण बोटांना मायक्रोमीटरच्या रॅचेटची टकटक कळेना. मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडणारी बोटं होती ती. दुसऱ्याच्या कामात कधी अंदाज चालवून घेतला नाही, स्वतःच्या बाबतीत सहा वर्षं अंदाजावर काढली. अंदाज नको, माप घे, हे मी तुझ्यावर ओरडायचो तेव्हा माझ्या खणात ती चिठ्ठी पडून होती.

गोळीचं डॉक्टर ठरवतील, तू नाही आणि मीही नाही. पण सुरू झाली तर आकडा चांगला आला म्हणून मनाने बंद केलीस, तर माझ्या दारात येऊ नकोस.

नाही, ये. रविवारीच ये. वही नवी आण, ऑफिसची डायरी तू हरवतोस. मशीन माझ्याकडे आहे. आधी तुझं मोजू, मग माझं. हिला गावाला जाऊन बारा दिवस झाले, आणि डाव्या दंडावर पट्टा बांधायला माझा हा हात चालत नाही.

तुझा,
फोरमन