मीटिंगला जायला तयार झालेत, पण ओळखीचं कोण भेटलं तर?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. मिस्टर बेळगावात उद्यमबागला कामाला आहेत. पहिलं फक्त शनिवार-रविवार दारू घ्यायचे, आता रोजचंच झालंय, सकाळी हात थरथरतात म्हणून कामावर जायच्या आधीच थोडी लागते. परवा स्वतःहून म्हणाले, ते एए का काय असतंय तिथं जाऊन बघूया, आणि लगेच म्हणतात आपल्या गावचं कोण तिथं भेटलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. जाऊबाई म्हणतात मीटिंग-बिटिंग काय नको, चहातनं न कळत द्यायची पावडर मिळते. ही मीटिंग शोधायची कुठं, पैसे किती घेतात, मराठी चालतं का?
— एक वाचक

उत्तर : वहिनी, पहिलं त्या पावडरचं बोलूया, कारण जाऊबाईंनी ऑर्डर टाकली असेल तर ती आधी थांबवा. बिनलेबलच्या पुडीत काय असतंय कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम नावाची गोळी डॉक्टर देतात खरी, पण ती पेशंटला सांगून, तपासून. ती पोटात असताना वरनं दारू गेली की उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, माणूस दगावूही शकतो. आणि चहात काहीतरी घालत होती हे त्यांना कळलं की परत तुमच्या हातचा चहा घेतील होय?

दुसरं, ती सकाळची थरथर. शरीराला दारूची सवय लागलीय त्याची ती खूण आहे, म्हणून ‘उद्यापासनं बंद’ असली शपथ घरात घालू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर पहिल्या एक-दोन दिवसांतच फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, बडबड, ताप असलं सुरू होऊ शकतं, आणि ते घरी सांभाळायचं काम नव्हे, तसं झालं तर सरळ इमर्जन्सीला न्यायचं. आधी बेळगावच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात दाखवा, किंवा धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसोपचार दवाखान्यात, खानापुरातनं लोंढ्यावरनं रेल्वे आहेच. मेंटल हॉस्पिटल म्हणून लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. तिथं थरथर उतरवायच्या गोळ्या, बी-१ व्हिटॅमिन वगैरे बघून देतात. तोवर मीटिंग थांबवायला पाहिजे असं काही नाही, दोन्ही बरोबर चालतं.

आता मीटिंग. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट. ते १९३५ ला अमेरिकेत सुरू झालं, एक शेअरबाजारातला माणूस आणि एक डॉक्टर, दोघंही पक्के पिणारे, एकमेकाशी बोलूनच दारूपासनं लांब राहिले, आपल्या देशात ते १९५७ पासनं आहे. फी नाही. शेवटी डबा फिरतो त्यात ज्याला वाटेल तो टाकतो, नवीन माणसानं नाही टाकलं तर कोण बघत पण नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. तासा-दीड तासात आधी थोडं वाचन होतं, मग एकेक जण आपली गोष्ट सांगतो, मध्ये कोण तोडत नाही, सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी मिस्टर नुसते बसून आले तरी चालतं, आडनाव-गाव सांगायची गरज नाही. आणि हो, कुठं कुठं मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये भरते कारण जागा स्वस्तात मिळते, म्हणून धर्म बदलायला लावतात असली कुजबुज गावात होईल, तिकडं लक्ष देऊ नका. दारूतनं बाहेर पडायच्या त्यांच्या बारा पायऱ्यांत देव येतो, पण ‘ज्याला जसा समजेल तसा’.

ओळखीचं कोण भेटलं तर? बंद मीटिंगला पिणाऱ्याशिवाय कोण येत नाही, म्हणजे जो भेटेल तोही त्याच दुखण्यानं आलेला, तो गावात कुठल्या तोंडानं सांगेल! ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हा तिथला पाळायचा नियमच आहे. तरीपण जीव धजत नसेल तर सुरुवातीला झूमवरची मीटिंग करा, नाहीतर बेळगाव सोडून कोल्हापूर गाठा, निपाणीकडच्या वाचकांना तर ते जवळच.

शोधायचं कसं? एए इंडियाच्या वेबसाईटवर गावाप्रमाणे ग्रुप बघायला मिळतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल-फ्री नंबर, १४४१६ हा टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर, फोन लावून मराठीत बोलायचंय म्हणून सांगा. ग्रुप सापडला की भाषा पण फोनवरच विचारून घ्या, कन्नड-मराठी-हिंदीत आपलं कुठं अडलंय म्हणा. शिवाय गल्लीत धर्मस्थळ संघाचा बचत गट असेल तर त्या बायकांना विचारा, संघ मद्यवर्जन शिबिरं घेतो आणि नंतर सोडलेल्यांची नवजीवन समिती बसते. त्याचा बराच भाग कन्नडमध्ये असतो, पण उद्यमबागला काम करणाऱ्याला तेवढं समजतंयच की.

एका मीटिंगवर निकाल लावू नका. पहिल्या दिवशी ‘सगळे रडगाणं गातात’ म्हणून घरी येतील, पाच-सहा तरी होऊ देत, जमलं तर दुसऱ्या ग्रुपचीही बघा. मध्ये परत प्याले तरी मीटिंगला यायची बंदी नाही, उलट त्याच दिवशी जायचं असतं.

आणि तुमचं काय? ओपन मीटिंग असते तिला तुम्ही पण बसू शकता. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे, १९५१ पासनं, आणि तिथं जायला मिस्टरांनी दारू सोडलेली असायला लागत नाही, ते एएला गेले नाहीत तरी तुम्ही जा, ऑनलाइन पण होतं. जायच्या दिवशी सकाळी एकदा फोन करून मीटिंग नक्की आहे का विचारा, वेळ-जागा बदलते, आणि संध्याकाळची असेल तर खानापूरची परतीची शेवटची बस कितीची ते आधी बघून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी बसवरनं भांडण व्हायचं.