श्वानसल्ला : व्हिपेट कितपत काटक?

व्हिपेट या सडपातळ, वेगवान इंग्लिश कुत्र्याबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकातच मिसळले आहेत.

प्रश्न : माझा भाचा यॉर्कशरला असतो. त्याच्या शेजाऱ्याचा व्हिपेट सशांच्या शिकारीला जातो म्हणे. आमच्या सोसायटीतला व्हिपेट मात्र एसी लावला की पांघरुणात शिरतो. हा खरंच शिकारी कुत्रा, की नुसतं नाव? (विलेपार्ले)

दोन्ही खरं आहे आणि दोन्हींमागे शरीराची एकच घडण आहे. अंगावर चरबी जवळजवळ नाही, केस आखूड, कातडी पातळ. म्हणून तो कुडकुडतो आणि म्हणूनच तो पळतो. वजन साधारण 10 ते 15 किलो, नराची खांद्यापाशी उंची ब्रिटिश मानकानुसार 47 ते 51 सेंटिमीटर. एवढ्याशा अंगाचा हा कुत्रा ताशी 55 किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो, आणि तोही काही ढांगांत. उत्तर इंग्लंडच्या खाणकामगारांनी तो जोपासला. लहानशा घरात मावणारा, कमी खाणारा आणि अधूनमधून कालवणापुरता ससा आणून देणारा कुत्रा त्यांना हवा होता. 'गरिबाचा ग्रेहाउंड' हे नाव त्यातूनच पडलं (ग्रेहाउंड म्हणजे याच बांध्याचा मोठा, शर्यतीचा कुत्रा). श्वानजातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश केनेल क्लबची मान्यता आली ती नंतर, 1891 साली.

तिथला ससा बिळात राहतो, हे लक्षात घेतल्याशिवाय व्हिपेटचं काम कळत नाही. चरायला बाहेर पडलेला ससा चाहूल लागताच बिळाकडे सुटतो. ते अंतर बहुतेक वेळा शंभर-दीडशे मीटरच्या आतलं. म्हणजे सगळा निकाल दहा सेकंदांत. इथे मोठ्या ग्रेहाउंडपेक्षा झटकन वेग घेणारा आणि झटकन वळणारा हलका कुत्रा सरस ठरतो. दुसरी पद्धत फेरेटची. मुंगसासारखा हा लांबट पाळीव प्राणी बिळात सोडायचा, बिळाच्या तोंडांवर जाळी लावायची आणि जाळी चुकवून निघालेला ससा कुत्र्याने धरायचा. चांगला व्हिपेट कोणत्या बिळात ससा आहे तेही उभ्या उभ्या दाखवतो आणि धरलेला ससा न फाडता हातात आणून देतो.

धाडसाची कमतरता नाही. उलट अडचण धाडसाचीच आहे. ससा दिसला की त्याला मधलं काटेरी कुंपण दिसत नाही. जखमा ठरलेल्या असतात. मांडीची किंवा छातीची कातडी हातभर उसवते, पुढच्या पायाचं वरचं नख मुळापासून उपटतं, बोटाचा सांधा निखळतो. पूर्ण वेगात खुंटावर आदळून मान मोडल्याचेही प्रकार होतात. धाव संपल्यावर कुत्रा लंगडत, रक्त गाळत येतो आणि शेपूट हलवत पुन्हा निघायला बघतो. मन काटक, कातडी नाही. म्हणूनच झुडपाळ, काटेरी भागात काम करणारे लोक शुद्ध व्हिपेटऐवजी त्याचा बेडलिंग्टन टेरियरशी केलेला संकर पसंत करतात. अशा संकराला तिथे 'लर्चर' म्हणतात. थोडा वेग जातो, पण केसांची राठ झूल मिळते.

मोठ्या रानसशावर मात्र व्हिपेट कमी पडतो. तो ससा तीन-चार किलोंचा असतो, बिळात शिरत नाही, लांब पळतो आणि वळणं घेतो. अर्ध्या किलोमीटरनंतर व्हिपेटचा दम संपलेला असतो. तसाही इंग्लंड-वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने, फेब्रुवारी 2005 पासून, रानसशामागे कुत्रे सोडणं बंद आहे. बिळातले ससे आणि उंदीर यांना जमीनमालकाच्या परवानगीने सूट आहे. परवानगी असेल तर तुमच्या भाच्याचा शेजारी त्या सवलतीत बसतो.

प्रश्न : मुरबाडजवळ आमची दोन एकर जागा आहे. ससे आणि रानडुकरं यांच्यासाठी व्हिपेटची जोडी ठेवावी म्हणतो. (गोरेगाव)

ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मधली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणं, कुत्र्यांकरवी पाठलाग, हाकणं आणि तसा नुसता प्रयत्न हेही त्यात येतं. आपल्याकडचा ससा संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. 'कुत्र्याने आपणहून धरला' हे उत्तर पुढे चालेल या भरवशावर राहू नका. रानडुकराचं म्हणाल तर कायदा बाजूला ठेवला तरी बारा किलोच्या पातळ कातडीच्या कुत्र्याला सुळ्यांपुढे पाठवणं म्हणजे त्याला मारायला पाठवणं. शिवाय त्या पट्ट्यात बिबट्या आहे. रात्री अंगणात बांधलेला व्हिपेट त्याला आयता घास.

घुशींवर सोडू का, असंही तुम्ही विचारलं आहे. घूस व्हिपेट मारू शकतो, पण चावा खातो आणि घुशीच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) होतो. पिंजराच बरा.

प्रश्न : कुंपणाच्या तारेला घासून आमच्या कुत्रीची मांडी फाटली. टाके घातले, पाचव्या दिवशी उसवले. असं का होतं? आणि दवाखान्यात पोचेपर्यंत घरी काय करायचं? (दादर)

व्हिपेटच्या कातडीखाली चरबीचा थर नसतो, त्यामुळे फाटलेली कातडी स्नायूपासून सुटून झोळीसारखी लोंबते. बाहेरून चार सेंटिमीटरची फट दिसते, आत मात्र तळहाताएवढी पोकळी झालेली असते. नुसती वरची कड शिवली तर त्या पोकळीत पाणी साचतं, ताण येतो आणि टाका कातडी कापत बाहेर येतो. मांडी दर पावलाला हलते, ते वेगळंच. आतल्या थराचे टाके घातले होते का आणि पोकळी मोठी असल्यास पाणी निघायला नळी ठेवली होती का, हे डॉक्टरांना विचारा. दुसरं कारण बहुधा घरात असतं. कुत्री तिसऱ्या दिवशी सोफ्यावर उडी मारते. टाके निघेपर्यंत, म्हणजे 10 ते 14 दिवस, गळ्यात प्लास्टिकचा कोन, सोफा बंद आणि बाहेर फक्त साखळीने, शी-शूपुरतं.

घरी करायचं एवढंच. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनच्या बाटलीला सुईने भोक पाडून धार जखमेवर मारा. निदान पाव लिटर तरी वापरा. सलाइनने भिजवलेली गॉज कातडीच्या पदराखाली न कोंबता वर ठेवा, त्यावर कापूस आणि सैलसर पट्टी. कातडीचा पदर सुकला तर मरतो, म्हणून ओलावा हवा. हळद, कॉफी पावडर, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही नको; हळद-कॉफी शिवण्याआधी काढण्यातच डॉक्टरांचा वेळ जातो, आणि पेरॉक्साइड चांगल्या पेशीही मारतं. सहा तासांच्या आत टाके पडले तर जखम स्वच्छ भरते. माणसांच्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका.

भूल देण्याआधी 'हा साइटहाउंड (नजरेने शिकार करणाऱ्या, धावणाऱ्या जातीचा कुत्रा) आहे' अशी डॉक्टरांना आठवण करून द्या. अंगात चरबी कमी असल्याने आणि यकृत हे औषध हळू पचवत असल्याने थायोपेंटोनसारख्या भुलीतून ही जात फार उशिरा शुद्धीवर येते, आणि टेबलावर अंग लवकर गार पडतं. रक्ततपासणीत लाल पेशींचं प्रमाण 50 टक्क्यांच्या वर दिसलं तर घाबरू नका. धावणाऱ्या जातींत ते नेहमीचं. हृदयाची हलकी कुरकुरही बऱ्याच व्हिपेटमध्ये निरुपद्रवी असते, पण झडपेचा आजारही या जातीत आढळतो. एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतलेला बरा.

प्रश्न : शिकार नको, पण कुत्र्याची धाव वाया जाऊ द्यायची नाही. मुंबईच्या हवेत त्याला कसं पळवायचं? (बोरिवली)

खाणकामगारांचीच युक्ती वापरा. तिथे शिकारीइतकीच चिंधीची शर्यत चाले. एकाने कुत्रा धरायचा, मालकाने सुमारे 200 यार्डांवर उभं राहून फडकं हलवत हाका मारायच्या, कुत्रा सरळ फडक्यावर येऊन झोंबतो. दोन माणसं आणि एक जुना टॉवेल, एवढ्यावर काम भागतं. सरळ धाव असल्याने सांधेही वाचतात. काठीला दोरी बांधून गोल गोल फिरवायचं खेळणं त्या मानाने वाईट. त्यात जागच्या जागी पिरगळून बोटं आणि मनगट दुखावतात. फडकं त्याच्या अंगावरून पुढे जाऊ द्या, समोर भिंतीसारखे उभे राहू नका.

वय किमान 12 महिने, जमलं तर 15. त्याआधी हाडांची टोकं पक्की झालेली नसतात. आधी तीन आठवडे साखळीने रोज दोनदा 40 मिनिटं झपाझप चाल. त्याने पंजाच्या गाद्या घट्ट होतात. मग आठवड्यातून दोनच दिवस, प्रत्येकी 80 मीटरच्या दोन धावा, मध्ये दहा मिनिटं विश्रांती. दीड महिन्यात 150 मीटरच्या तीन धावांपर्यंत या. त्याहून जास्त नको. धावेआधी दहा-पंधरा मिनिटं चालवा, आणि आधीचे चार तास पोट रिकामं ठेवा.

जागा निवडताना हट्टी व्हा. ओहोटीनंतरची ओली घट्ट वाळू उत्तम, पण आधी स्वतः चालून काच आणि मासेमारीचे गळ वेचा. सुकी भुसभुशीत वाळू स्नायू ओढते. सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक नकोतच. पावसाळ्यातल्या गवतावर पाय घसरतो, तेव्हा जून ते सप्टेंबर धाव बंद आणि चाल चालू. लेप्टोची लस मात्र पावसाआधीच.

मुंबईत खरी मर्यादा तापमानापेक्षा दमटपणाची. कुत्रा लहालहा करून अंग गार करतो; हवेतच पाणी भरलेलं असेल तर तो मार्ग बंद होतो. एका जोरदार धावेत व्हिपेटचं तापमान 41 अंशांपर्यंत चढू शकतं, आणि निरोगी कुत्र्याचं असतं 38.3 ते 39.2. मार्चनंतर सकाळी साडेसहाच्या आत आटपा. धाव संपली की बसू देऊ नका, दहा मिनिटं चालवा आणि पोट-मांड्यांवर साधं पाणी ओता. तो अडखळू लागला, हिरड्या विटकरी लाल झाल्या, तर पाणी ओतत आणि पंख्याचा वारा देत राहा, 39.5 ला थांबा आणि दवाखाना गाठा. दुसऱ्या दिवशी लघवी कॉफीसारखी दिसली तर स्नायू फुटले आहेत; त्याच दिवशी सलाइन लागतं.

आहार : 13 किलोच्या घरगुती कुत्र्याला दिवसाला साधारण 750 ते 800 कॅलरी, पळणाऱ्याला 950 पर्यंत. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. 'उपाशी ठेवता का?' असं शेजारी विचारतील, विचारू द्या.

प्रश्न : व्हिपेट घ्यावा की आपला कारवान? (मुलुंड)

माळरानावर घर असेल तर कारवान, म्हणजे आपल्याकडचा देशी शिकारी कुत्रा. उंच, उन्हातान्हाला सरावलेला, काट्याकुट्यात टिकणारा. पण तो रखवालदार आहे, परक्याला पटकन जवळ करत नाही आणि दोन खोल्यांत कोंडला की बिघडतो. सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटला व्हिपेटच बरा; तो दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतो आणि फारसा भुंकतही नाही. बाल्कनीला जाळी मात्र आधी लावा, कारण कबुतर दिसलं की त्याला मजला दिसत नाही. आणि साधा पट्टा नको. व्हिपेटचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, मागे सरकला की पट्टा कानांवरून निघतो. चार-पाच सेंटिमीटर रुंदीचा, ओढला की मर्यादेत आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या; आवळल्यावर तो कानांवरून निघत नाही ना, हे दुकानातच पाहा.