नवीन ओटीसाठी, म्हणजे ऑपरेशन थिएटरसाठी, टेबल इलेक्ट्रिक घ्यावं की हायड्रॉलिक? चार माणसं हाताशी असताना पेशंट उचलायच्या साधनांवर खर्च करायची गरज आहे का?

तुमचं वीस खाटांचं हॉस्पिटल, हाडांची, पोटाची आणि बायकांची ऑपरेशनं होणार, बजेट मोजकं. प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर कुठलाही ओटी टेक्निशियन देईल, मीही खाली देते. पण मी लिहायला बसले ती दुसऱ्या भागामुळे. "चार माणसं हाताशी असताना गरज काय" हे वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी खरेदीच्या मीटिंगमध्ये ऐकलेलं आहे. तेव्हा माझं बोलणं अर्ध्यात तोडलं गेलं होतं.

गरज आहे. टेबलाच्या आधी आहे.

मी तालुक्याच्या गावी ट्रस्टच्या हॉस्पिटलात ओटी इन्चार्ज सिस्टर होते. आमच्याकडे एक मामा, म्हणजे पेशंट हलवणारे मदतनीस, होते, ओटीचे सगळ्यात जुने. पेशंट आत आणणं, टेबलावर घेणं, पोझिशन देताना धरणं, संपल्यावर ट्रॉलीवर परत घेणं, सगळं त्यांच्या अंगावर. कमरेच्या मणक्यांमधल्या गादीचं एक ऑपरेशन लागलं होतं. पेशंट शंभर किलोच्या बराच वर, व्यवसायाने ठेकेदार. पाठीचं ऑपरेशन म्हणजे भूल ट्रॉलीवरच द्यायची, श्वासाची नळी घालायची आणि मग पेशंटला वळवून टेबलावर पालथा घ्यायचा. भूलतज्ज्ञ मॅडम डोक्याशी, नळी आणि मान त्यांच्या हातात, त्यांच्याच "एक, दोन, तीन"वर सगळ्यांनी एकदम हलायचं. दोघं ट्रॉलीच्या बाजूने वळवायला, दोघं टेबलाच्या बाजूने हातांवर घ्यायला, एक पायाशी.

ट्रॉलीच्या एका चाकाचा ब्रेक धरत नव्हता. हे आम्ही मेंटेनन्सला लेखी कळवलेलं होतं. पेशंट अर्धा वळला आणि ट्रॉलीची पायाकडची बाजू बाहेर सरकली. ट्रॉली आणि टेबल यांच्यामध्ये फट पडली, नेमकी कमरेखाली. मामांनी स्वतःचा गुडघा त्या फटीत घातला आणि पेशंटची कंबर दोन्ही हातांवर झेलली. वाकलेले, अंग पिळलेलं, पाय एका रेषेत नाहीत. बाकीच्यांनी ट्रॉली आत रेटेपर्यंत ते तसेच राहिले. तोंडातून आवाज काढला नाही, कारण मॅडमचं लक्ष नळीवर होतं.

पेशंटला ओरखडासुद्धा आला नाही. ऑपरेशन व्यवस्थित झालं, ठेकेदार आपल्या पायांनी घरी गेले. मामा त्या दिवशी ओटीतून बाहेर पडले ते भिंतीला धरून. नंतर एमआरआय झाला, गादी सरकलेली निघाली. रजा त्यांच्या स्वतःच्या खात्यातून गेली. परत आले तेव्हा गेटवर बसवलं, म्हणजे रात्रपाळीचा भत्ता बंद. मी इन्सिडंट रजिस्टरमध्ये सगळं लिहिलं होतं. ऑफिसातून निरोप आला की पेशंटला इजा झालेली नाही, तेव्हा नोंद खोडा. मी खोडली नाही.

त्याच वर्षी नव्या टेबलाची मीटिंग झाली. मी यादी दिली होती: पेशंट सरकवायचा बोर्ड, घसरत्या कापडाची शीट, पालथ्या पेशंटसाठी फ्रेम, जेल पॅडचा, म्हणजे अंगाखाली ठेवायच्या मऊ गाद्यांचा, एक पूर्ण संच, चारी चाकांना ब्रेक असलेल्या दोन ट्रॉल्या. व्यवस्थापक म्हणाले, माणसं आहेत की. आणि आमचे वरिष्ठ सर्जन, ज्यांच्या हाताबद्दल मला आजही आदर आहे, ते म्हणाले, "यांची उचलायची पद्धत चुकते, सिस्टर. गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, काही होत नाही."

त्याचं उत्तर आता देते.

गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून उचलणं खोक्याला लागू पडतं. खोकं छातीशी धरता येतं. टेबलापलीकडच्या पेशंटला कोण छातीशी धरणार? मध्ये टेबलाची नाहीतर ट्रॉलीची रुंदी असते, हात लांब करूनच घ्यावं लागतं. वजन अंगापासून जितकं लांब, तितका कमरेच्या मणक्यांवरचा भार वाढत जातो, मग पद्धत कितीही शिकवा. त्यात बेशुद्ध माणूस धरायला कडी नसते, तो स्वतः अंग सावरत नाही आणि वजन एका जागी राहत नाही. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश ही सरकारी संस्था आहे. तिथल्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली हिशोब मांडला, की पेशंट हाताळताना एका माणसाने हातांनी उचलायचं वजन ३५ पौंडांच्या, म्हणजे साधारण १६ किलोच्या वर जाऊ नये. तेही परिस्थिती चांगली असताना. हात लांब करून किंवा अंग पिळून उचलायचं असेल तर त्याहून कमी. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका भरतो. म्हणजे शंभर किलोच्या पेशंटचा नुसता एक पाय ऑपरेशनआधी धुवून औषध लावायला वर धरून उभी राहणारी मावशी ही मर्यादा ओलांडून उभी असते. हे रोज, प्रत्येक केसला. हिच्या पाठीला पद्धत काय वाचवणार?

शेवटी काय घेतलं? रिमोटवर चालणारं इलेक्ट्रिक टेबल. उद्घाटनाला फोटो निघाले. त्याच्याबरोबर ना साइड सपोर्ट, ना पॅड. पुढे कितीतरी महिने आम्ही चादरींच्या गुंडाळ्या, कापसाचे रोल आणि सलाइनच्या पिशव्या लावून त्या टेबलावर पेशंटला पोझिशन देत होतो. बोर्ड आला तो बाहेरून येणाऱ्या एका भूलतज्ज्ञांनी "याशिवाय मी पालथी केस घेणार नाही" असं सांगितल्यावर. आठवड्यात आला. म्हणजे पैसे होते.

आता तुमच्या उपयोगाचं.

बोर्ड म्हणजे गुळगुळीत, टणक प्लास्टिकची लांब फळी. पेशंटला किंचित कुशीवर करायचं, फळीचा एक तृतीयांश भाग त्याच्याखाली सारायचा, बाकीच्या भागाने फट झाकायची आणि चादरीसकट ओढायचं. ज्यावर घ्यायचंय ती बाजू बोटभर खाली ठेवा. आधी दोन्हीकडचे ब्रेक प्रत्येक वेळी हाताने हलवून बघायचे. घसरत्या शीटने काम आणखी हलकं होतं, पण पेशंट पोचला की ती शीट तत्काळ काढायची. ती खाली राहिली आणि टेबल हेड लो, म्हणजे डोक्याकडे खाली, केलं तर पेशंट डोक्याकडे घसरेल. ते थांबवायला काही ठिकाणी खांद्यांना आडवे टेकू लावतात, ते मला अजिबात मान्य नाही. त्या टेकूंनी हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा ताणला जातो. न घसरणारी गादी किंवा पॅड पाठीखाली थेट लागेल असा घ्या.

लिफ्टर, म्हणजे झोळीत बसवून उचलणारं यंत्र, वॉर्डात आणि आयसीयूत फार कामाचं आहे. ओटीसाठी मात्र पहिल्या खरेदीत घेऊ नका. जमिनीवर फिरणाऱ्या लिफ्टरचे पाय टेबलाच्या बुडाशी अडकतात, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना वापरायचं क्ष-किरण यंत्र) आणि भुलीचं मशीन असताना त्याला फिरायला जागा उरत नाही, आणि झोळी पेशंटखाली ठेवली तर तिच्या घड्या लांबलेल्या ऑपरेशनमध्ये कातडीत रुततात. छतावरच्या रुळाचा लिफ्टर उत्तम, पण तो इमारत बांधतानाच ठरवावा लागतो, दिव्यांची आणि हवेची जागा बघून.

पोझिशनच्या सामानात कंजुषी करू नका. पेशंट बेशुद्ध आहे, रुततंय हे तो सांगू शकत नाही. कोपराच्या आतल्या बाजूची नस कडक आर्मबोर्डवर दाबली गेली तर उठल्यावर करंगळी बधिर. हात बाजूला नव्वद अंशांपलीकडे नेला तर खांद्याच्या नसा ताणल्या. लिथोटॉमीचा, म्हणजे उताण्या पेशंटचे पाय वर फाकवून ठेवायच्या पोझिशनचा, दांडा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकला तर पाऊल लुळं पडतं. तुमच्याकडे बायकांचीही ऑपरेशनं होणार, म्हणून हे नीट ऐका: दोन्ही पाय दोघांनी मिळून एकदम वर घ्यायचे आणि एकदमच, सावकाश खाली आणायचे, कारण पाय खाली येताना बीपी पडतं. आणि हात अंगालगत बांधलेले असताना टेबलाचा पायाकडचा भाग वर घेण्याआधी बोटं कुठे आहेत ते डोळ्यांनी बघायचं, त्या सांध्यात बोटं चिरडतात. फ्रॅक्चर टेबलचा, म्हणजे मोडलेला पाय ओढून धरणाऱ्या टेबलाचा, मधला खांब जाड पॅडिंगचा हवा, नाहीतर ओढ दिल्यावर जांघेतली नस दबते आणि पेशंट लाजेपोटी कुणाला सांगतही नाही.

पालथ्या पेशंटचं पोट लोंबतं राहायला हवं. पोट दाबलं गेलं की पोटातली मोठी शीर दबते, रक्त मणक्याभोवतीच्या शिरांत तुंबतं आणि सर्जन तक्रार करतात की फार रक्त येतंय. ते पोटाखालच्या उशीमुळे येत असतं. टोरांटोच्या मुलांच्या हॉस्पिटलातले रेल्टन आणि हॉल यांनी १९६७ साली चार टेकूंची फ्रेम मांडली ती याचसाठी, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून. छाती आणि कंबर टेकूंवर, पोट मोकळं. साठ वर्षं होत आली, आणि आपल्याकडे अजून दोन गुंडाळलेल्या चादरींवर भागवतात. डोळ्यांवर दाब येणार नाही असा, डोळ्यांच्या जागी खाच असलेला हेडरेस्ट त्याच यादीत लिहा. डोळा दाबला गेला तर नजर जाऊ शकते. एका हेडरेस्टच्या किमतीपायी हा धोका कुणी का घ्यावा, हे मला कधीच पटलेलं नाही.

टेबलाबद्दल थोडक्यात. दुर्बिणीची ऑपरेशनं रोजची असतील तर इलेक्ट्रिक घ्या. मध्येच हेड लो, मध्येच डावीकडे टिल्ट, असं सारखं लागतं आणि भूल देणाऱ्याला कापडाखाली वाकून पेडल किंवा दांडा शोधावा लागत नाही. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतं, फक्त चार्जिंग रोज रात्री लावायची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर टाका. केसेस कमी आणि साध्या असतील तर चांगलं हायड्रॉलिक पुरतं. त्याचे सील झिजले की तेल गळतं आणि टेबल भर ऑपरेशनमध्ये हळूहळू बसतं, म्हणून दुरुस्तीचा माणूस किती लांबून येतो ते आधी विचारा. दोन्हींत सी-आर्मसाठी वरचा भाग क्ष-किरण आरपार जाणारा आणि पुढेमागे सरकणारा हवा. वजनाची मर्यादा जाहिरातीतली नको, मॅन्युअलमधली बघा. पेशंट उलट दिशेने झोपवला किंवा टेबल सरकवून तिरकं केलं की ती कमी होते. टेबल किती खाली जातं तेही मोजा. दुर्बिणीची हत्यारं लांब असल्यामुळे टेबल बरंच खाली घ्यावं लागतं, नाहीतर सर्जन दिवसभर खांदे वर करून उभे राहतात.

टेबल दाखवायला कंपनीचा माणूस येईल तेव्हा तुमच्या मामा-मावशींना खोलीत बोलवा. तुमच्या स्टाफमधला सगळ्यात जाड माणूस त्यावर झोपवा, त्यांनाच पाय वर घ्यायला सांगा, कुशीवर वळवायला सांगा, परत ट्रॉलीवर घ्यायला सांगा. त्यांना अवघड गेलं तर ते टेबल नको, मग रिमोटला कितीही बटणं असोत. सह्या करणाऱ्यांत ओटी सिस्टर असू द्या. आमच्या मीटिंगला नऊ खुर्च्या होत्या आणि पेशंटला हात लावून उचलणारी त्यातली मी एकटी. मामांना आत बोलवा म्हणून मी म्हटलं, तर सर म्हणाले की त्यांना यातलं काय कळणार. फट कुठे पडते हे बाकीच्या आठ जणांत कुणालाच माहीत नव्हतं. मामांना माहीत होतं. सरांचं वाचन माझ्यापेक्षा खूप जास्त होतं हे मी मान्य करते, पण या बाबतीत ते चूक होते आणि मी आजही त्यांच्यासमोर हेच म्हणेन.

काही गोष्टी राहिल्या. मी लिहिलंय ते मोठ्या माणसांबद्दल. लहान मुलांचे पॅड आणि फ्रेम वेगळ्या मापाच्या लागतात, मोठ्यांच्या कापून वापरू नका. मेंदूच्या ऑपरेशनसाठी डोकं पिनांमध्ये धरावं लागतं, तो पूर्ण निराळा विषय आहे. जेल पॅड कितीही चांगला असला तरी त्यावर चार घड्यांची चादर घातली की त्याचा उपयोग संपतो. मानेला मार लागलेल्या पेशंटला बोर्डवर घेताना आधी तुमच्या भूलतज्ज्ञांशी बोला, ते सांगतील तसंच करा. आणि टेबलाच्या कडेच्या रेलचं माप लिहून घेतल्याशिवाय वेगळ्या कंपनीचे सपोर्ट किंवा लिथोटॉमीचे दांडे मागवू नका. अमेरिकन, युरोपियन आणि जपानी रेलची मापं वेगळी असतात, क्लॅम्प बसत नाही किंवा बसल्यासारखा वाटतो आणि भार आल्यावर निसटतो.