वाचक विचारतात: रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही

प्रश्न: नमस्कार ताई, मी ग्वाल्हेरला लश्कर भागात राहते, वय ४३, एका प्रायव्हेट शाळेत गणित शिकवायचे. २०२१ च्या एप्रिलमधे आमच्या घरात सगळ्यांनाच कोविड झाला, बाकीचे बरे झाले, मीही निगेटिव्ह आले पण तेव्हापासून जो थकवा लागलाय तो गेलेलाच नाही. लागोपाठ दोन तास घेतले की फळ्यावर लिहिता लिहिता पुढची स्टेपच आठवायची नाही, शेवटी नोकरी सोडली. घरी पण तेच, एक दिवस बरं वाटलं म्हणून कपाट आवरलं की पुढचे दोन-तीन दिवस आडवी. रक्त, थायरॉइड, एक्स-रे, ईसीजी सगळं नॉर्मल. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी असली थेरं नव्हती, मिस्टर काही बोलत नाहीत पण चेहऱ्यावर दिसतं. आता डॉक्टर म्हणतायत सायकॉलॉजिस्टला दाखवा. म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ आहेत का? आणि नसतील तर मी तिकडे जाऊ तरी कशाला?

उत्तर: आधी सरळ सांगते. मनाचे खेळ नाहीत, आणि तरीही तुम्ही जावं असं मला मनापासून वाटतं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे आपल्याकडे कोणी नीट समजावूनच सांगत नाही, त्यामुळे सायकॉलॉजिस्टचं नाव काढलं की पेशंटला वाटतं आपल्याला खोटं ठरवलं.

तुमच्या त्रासाला लाँग कोविड म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मधे या आजाराची व्याख्या केली, कोविड होऊन तीन महिने झाले तरी त्रास आहे, तो निदान दोन महिने टिकलाय आणि त्याला दुसरं कारण सापडत नाही, आणि त्रासांच्या यादीत थकवा, दम लागणं, डोकं न चालणं हे ठळकपणे आहे. म्हणजे तुमचे रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ थायरॉइड, अॅनिमिया अशी नेहमीची कारणं बाजूला झाली एवढाच, तुम्हाला काही झालेलंच नाही असा नाही. अॅमस्टरडॅममधे डॉक्टरांनी अशा पेशंटच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा व्यायामाच्या आधी आणि नंतर काढून तपासला, २०२४ मधे ते छापून आलं, त्यात व्यायामानंतर स्नायूंची इजा वाढलेली दिसली आणि पेशीतली एनर्जी बनवायची यंत्रणा मंदावलेली दिसली. सासूबाईंना हे जरूर सांगा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती कपाटाची. श्रमानंतर त्रास उसळतो, आणि तो लगेच नाही तर बरेचदा १२ ते ४८ तासांनी, म्हणून माणसाला दोन्हींचा संबंध लागत नाही. रविवारी हळदीकुंकवाला गेलात, तिथं छान वाटलं, सोमवारी पण ठीक, आणि मंगळवारी सकाळी ब्रश धरवत नाही, मग वाटतं काल तर मी काहीच केलं नाही मग हे काय, नक्की मीच आळशी आहे. एका साध्या वहीत रोज दोन ओळी लिहा, आज काय केलं आणि आज कसं वाटतंय, बस. दोन-तीन आठवड्यांनी मागे बघा, मंगळवारचं मूळ रविवारी सापडेल. त्यात डोक्याचं काम पण धरा हं, पाहुण्यांशी तासभर बोलणं, मुलाचा अभ्यास घेणं, फोनवर भांडण, सगळं.

मग इन्व्हर्टरवर घर चालवतो तसं दिवस चालवायचा, पंखा आणि एक ट्यूबलाइट चालेल, गीझर नाही. पोळ्या स्टूलवर बसून लाटा, अर्ध्या झाल्या की दहा मिनिटं पडा, दमल्यावर नाही, दमायच्या आधी. बऱ्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायचा मोह होतो, तोच नडतो. आणि आपल्या ग्वाल्हेरच्या मे महिन्यात त्रास वाढतो का तेही बघा, उभं राहिल्यावर धडधड आणि चक्कर असेल तर आधी थोडा वेळ आडवं पडून नाडी मोजा, मग दहा मिनिटं उभं राहून मोजा, जवळ कोणीतरी असू द्या, ती मिनिटाला ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढत असेल तर डॉक्टरांना आकडा दाखवा, त्यावर उपाय आहेत.

आता सायकॉलॉजिस्ट कशाला. नोकरी गेली, ती नुसता पगार नव्हती, वर्गात उभी राहणारी बाई गेली, त्याचं दुःख करायला तुम्हाला कोणी जागाच दिली नाही. वर रोज स्वतःला सिद्ध करायचं. हे ओझं हलकं करायला माणूस लागतो. नेदरलँड्समधे ११४ जणांवर एक अभ्यास झाला, २०२३ मधे आला, कोविडनंतरच्या थकव्यावर सीबीटी म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणारी थेरपी दिली, तर नेहमीच्या उपचारांपेक्षा त्या गटानं थकवा कमी झाल्याचं सांगितलं. पण तो लोकांनी स्वतः सांगितलेला थकवा आहे, सगळ्यांना लागू पडेल असं नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं याच्याशी खूप मिळत्याजुळत्या आजारासाठी, एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात त्याला, २०२१ मधेच स्पष्ट लिहिलंय की ठरवून वाढवत नेलेला व्यायाम देऊ नका, आणि सीबीटी आधार म्हणून द्या, आजार बरा करणारी म्हणून नाही. मला हे फार पटतं.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, मी जास्त केलं की दोन दिवसांनी कोसळते, याचं तुम्ही काय कराल? "मनाला लावून घेऊ नका, रोज थोडं ढकला स्वतःला" असं उत्तर आलं तर दुसरं कोणीतरी शोधा, त्यात तुमचा काही दोष नाही. वही दाखवा म्हणाले तर टिका तिथं. एका भेटीला मिस्टरांना न्या, ते गप्प आहेत म्हणजे रागावलेत असंच नाही, घाबरलेले पण असतील.

एक गोष्ट मात्र स्वतःला विचाराच. गणित शिकवावंसं अजून वाटतं पण झेपत नाही, की आता कशातच मन लागत नाही? दुसरं असेल तर सोबत डिप्रेशन असू शकतं, त्याला वेगळे उपचार आहेत, जयारोग्य हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवता येईल. आणि जगणं नको असं कधी वाटलं तर त्याच क्षणी घरात कोणाला तरी उठवा आणि टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

प्रश्न: माझे बाबा ६६ वर्षांचे, कोविडच्या आधी रोज पहाटे किल्ल्याचा चढ चढायचे. आता मी त्यांना रोज थोडं थोडं वाढवत चालायला नेतो, तर ते चिडतात, परवा तर रडले. मी चुकतोय का?

उत्तर: तुमची माया दिसतेय दादा, पण वाढवणं आजच थांबवा. आधी हृदय आणि फुफ्फुसं तपासून घ्या, त्या वयात सगळं कोविडवर ढकलून चालत नाही, आणि छातीत दुखलं किंवा बसल्याजागी दम लागला तर वाट न बघता हॉस्पिटल. तपासण्या ठीक आल्या तर वरची वहीची गोष्ट त्यांच्यासाठी पण तशीच. चालायला जा, पण गल्लीच्या कोपऱ्यावरून फिरायचं की दारातूनच, ते बाबा ठरवतील, आणि त्यांनी "आज नको" म्हटलं तर चहा घेऊन शेजारी बसा, कोणाचे वडील कोविडनंतर कसे महिन्याभरात पळायला लागले ते सांगू नका.