जिंकण्याची शक्यता नसलेल्या पक्षाला मत देणे म्हणजे मत वाया घालवणे का? की दोन मोठ्यांपैकी कमी वाईटाशी तडजोड करावी?

मत वाया जात नाही. हे मी शांतपणे सांगू शकत नाही, कारण याच प्रश्नावरून माझे सख्खे मामा माझ्याशी वर्षभर बोलत नव्हते.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडमध्ये मी वंचित बहुजन आघाडीच्या यशपाल भिंगे यांना मत दिले. काँग्रेसचे अशोक चव्हाण भाजपच्या प्रताप पाटील चिखलीकरांकडून ४०,१४८ मतांनी हरले आणि भिंगे यांना १,६६,१९६ मते पडली. हयातभर पंजाशिवाय दुसरे बटण न दाबलेल्या मामांनी त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांसमोर मला ‘बी टीम’ म्हटले, आणि दिवाळीला मी पाया पडलो तेव्हाही तोंड फिरवले.

गणित मलाही येते. आमच्यातल्या दर चौघांपैकी एकाने पंजाला मत दिले असते, तर चव्हाण निसटते का होईना, जिंकले असते. परंतु ती मते मुळात काँग्रेसच्या मालकीची होती, हे कोणी ठरवले? भिंगे धनगर समाजातले; त्यांच्याकडे पाहून मत देणारा माणूस ते उभे नसते तर पंजाकडेच वळला असता, असे मामा गृहीत धरतात. वंचित आणि काँग्रेसची बोलणी फिसकटली, तेव्हा जागा सोडताना हात आखडायचा तो मोठ्या पक्षाने आणि समजूतदारपणा दाखवायचा तो आमच्यासारख्या मतदाराने, या व्यवहाराला मी तडजोड म्हणत नाही.

पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव स्वतःच भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर पोचले. माझे मत वाया गेले असेल, तर मामांचे कुठे गेले?

अर्थात, लढत अटीतटीची असेल आणि एका उमेदवाराच्या विजयाने आपल्या माणसांचे थेट नुकसान होणार असेल, तर हट्ट धरू नये. वंचितचा उमेदवार रिंगणात असतानाही २०२४ मध्ये मी काँग्रेसच्या वसंतराव चव्हाणांना मत दिले आणि ते ५९,४४२ मतांनी निवडून आले. मामांनी मात्र अशोकरावांच्या शब्दाखातर कमळाचे बटण दाबले, हे मला मामींनी फोनवर सांगितले, आणि त्यांच्यापुढे हा विषय काढू नकोस, असेही बजावले.