ऑगस्टमध्ये नान्नजला यावं का? या, पण गवतात पाय ठेवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये चार दिवसांची सुट्टी आहे, ताडोबाचा गाभा त्या काळात बंद असतो, बरोबर सासू-सासरे आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. सोलापूरजवळ नान्नजला असलेल्या माळढोक अभयारण्यात भर पावसाळ्यात पक्षी-प्राणी बघायला येण्यात अर्थ आहे का, आणि माळढोक दिसेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. माळढोक दिसणार नाही असंच धरून या. गेल्या काही वर्षांत नान्नजच्या गणनेत जेमतेम एखाद-दुसऱ्या पक्ष्याची नोंद होते. मुलीला 'माळढोक बघायला चाललोय' असं सांगून आणलंत तर पोर हिरमुसून परत जाईल. 'माळ बघायला चाललोय' असं सांगून आणा.

माझं माहेर मार्डी, यमाईची मार्डी. नान्नज आमच्या शेजारचंच गाव. वडिलांच्या तरुणपणी माळढोक आमच्या शिवारात उभा असायचा. नर ताठ उभा राहिला की जवळजवळ मीटरभर उंच, वजन 15 किलोपर्यंत. पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून तो घुमायचा आणि तो आवाज पार बांधापर्यंत यायचा. त्या घुमण्यावरूनच त्याला काही ठिकाणी 'हूम' म्हणतात. मी लहानपणी एकदाच बघितला, बैलगाडीतून, आणि तेव्हा त्याचं मला काही विशेष वाटलं नव्हतं. आज ते आठवलं की जीव हळहळतो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे हा वजनदार पक्षी विजेच्या तारांवर आदळतो. कुत्री, नांगरट, कुंपणं, वाढती वर्दळ हे सगळं त्यात मिळवा. 1979 साली अभयारण्य झालं तेव्हा क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतं. त्यात गावंच्या गावं, तालुकेच्या तालुके आले होते. पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. हद्दीवरून लोकांचे फार हाल झाले आणि तो राग बरेचदा पक्ष्यावर निघाला, हेही मी घरातच पाहिलं आहे.

आता पहिला प्रश्न. यावं का? नक्की या. मला विचाराल तर माळरान बघायला पावसाळ्याइतका चांगला काळ नाही.

एक गैरसमज आधी दूर करते. पावसाळा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसांच्या डोळ्यांपुढे कोकणातली झड येते. सोलापूर पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, उत्तरा-हस्तात पडतो. ऑगस्टमध्ये आमच्याकडे आभाळ भरून येतं, चार शिंतोडे टाकतं आणि पुढे सरकतं. शेतकऱ्याचा जीव त्यात टांगलेला असतो, पण बघायला येणाऱ्याला सकाळ बहुतेक कोरडी मिळते. ढगांमुळे ऊन चढत नाही, म्हणून पक्षी दहा-साडेदहापर्यंत बोलत राहतात. मार्च-एप्रिलमध्ये आठ वाजताच माळ गप्प होतो.

उन्हाळ्यात तुम्ही हा माळ बघितलात तर म्हणाल, इथे काय आहे? मुरूम, खडे, वाळक्या काड्या, मधेच एखादं हिवर नाहीतर बोर. मृगाच्या सरी पडल्या की आठवडाभरात रंग बदलतो. जमिनीवर मखमली लाल मृगाचे किडे फिरायला लागतात. मग मारवेल, पवन्या, कुसळी वर येते. जुलैच्या अखेरीस गवत घोट्याच्या वर, ऑगस्टच्या शेवटी पोटरीपर्यंत. आणि या गवतातच, जमिनीवरच, माळावरच्या कितीतरी पक्ष्यांचे संसार चालू असतात. चंडोल, लावे, धाविक, तित्तिर, टिटवी. यांना झाड लागत नाही.

म्हणून तुम्हाला एकच गोष्ट अगदी हात जोडून सांगते: रस्त्यावरून बघा, गाडीतून बघा, मनोऱ्यावरून बघा, पण गवतात पाय ठेवू नका.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी जूनमध्येच पाऊस चांगला झाला होता. एक धाविक रस्त्यापासून पन्नास पावलांवर पळत होता. फार देखणा पक्षी, डोळ्यावरून काळी-पांढरी रेघ, पळतो, एकदम थांबतो, वाकून किडा टिपतो, परत पळतो. फोटोसाठी मी खाली उतरले. वीसेक पावलं गेले असेन, तेवढ्यात पायाजवळून एक डोंबारी चंडोल भुर्रकन उडाला. खाली बघितलं तर गुराच्या खुराचा जुना ठसा. त्या ठशात वाटीएवढं घरटं, आत दोन अंडी, मातकट, वर तपकिरी ठिपके. आणि घरट्याच्या काठाला बारीक बारीक खडे लावलेले, आपण तुळशीच्या आळ्याला लावतो तसे. माझा बूट आणि ते खडे यांच्यात एक वीतही अंतर नव्हतं. मी आले तशी माझ्याच पावलांवर पाय ठेवत मागे गेले. त्यानंतर आजतागायत पावसाळ्यात माळात उतरले नाही. कोणी उतरलेलं दिसलं की गाडी थांबवून सांगते. एकदा चार-पाच मोठ्या गाड्या थेट गवतातून फिरवणारी मंडळी भेटली होती. लांडग्याचा फोटो हवा होता. चाकांच्या त्या दोन रेघांखाली काय काय गेलं असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता काय दिसेल ते सांगते. डोंबारी चंडोल तर रस्त्यावरच दिसेल, तोच मुलीला पहिल्यांदा दाखवा. चिमणीपेक्षाही लहान. नर छातीखाली काळा, डोक्यावर राखाडी. हवेत उंच जातो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीच्या जरा वर सावरतो, परत वर. डोंबाऱ्याच्या कसरती, म्हणून नाव डोंबारी. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याने त्याला नीट बघितलं होतं. तारेवर, बोरीच्या शेंड्यावर खाटीक बसलेला असतो, डोळ्यावर काळी पट्टी बांधल्यासारखा. कापशी घार एका जागी पंख फडफडवत हवेत उभी राहते. पखुर्डी जोडीने रस्त्याच्या कडेला येते, पण मातीच्या रंगात इतकी मिसळलेली असते की उडाल्यावरच कळतं. चातक ऑगस्टमध्ये असतोच. डोक्यावर तुरा, काळा-पांढरा, बाभळीच्या शेंड्यावरून सारखा ओरडत असतो. तो फक्त पावसाचं पाणी पितो असं आपण ऐकत आलो. प्रत्यक्षात तो केसाळ सुरवंट मटकावतो आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. सातभाईंचा थवा दिसला की मुलीला म्हणावं, यांत एखादं पोर चातकाचं आहे का बघ. पावशाचं 'पेरते व्हा' ऑगस्टपर्यंत ओसरलेलं असतं, तरी एखादे वेळी ऐकू येतं. विहिरीवर वाकलेल्या बाभळींना सुगरणींची घरटी लोंबत असतात. तिथे सासू-सासऱ्यांना खुर्ची टाकून द्या, तासभर हलणार नाहीत.

तणमोर, म्हणजे माळढोकाच्याच कुळातला लहान पक्षी, दाखवतो असं कोणी म्हणालं तर त्या माणसाच्या नादी लागू नका. तणमोर माळढोकाइतकाच संकटात आहे, आणि फोनवर त्याचा आवाज लावून त्याला बोलवणं हा अपराधच मानते मी. कुठल्याच पक्ष्याचा आवाज लावू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही.

प्राण्यांत काळवीट नक्की. हिरव्या गवतावर काळा नर, पिळदार शिंगं मागे टाकून उभा, मागे पिवळसर माद्यांचा कळप. बिचकले की एकामागून एक उड्या मारत जातात. खोकड, म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा, दिसलं तर भाग्य. आणि लांडगा. लांडग्यासाठी पहाटे आणि दिवस कलताना थांबावं लागतं. बघायचं कसं ते सांगते: मेंढ्यांचा कळप लांबवर असेल तर कळपाकडे बघू नका, कळपाच्या मागच्या टेकाडाकडे बघा. तो पळत नाही. अंग सैल सोडून दुडक्या चालीने जातो, थांबतो, मान वळवून तुमच्याकडे एकदा नीट बघतो आणि चालायला लागतो. त्या नजरेसाठी मी आजही पहाटे चारला उठते. धनगर बांधव त्याचं नुकसान सोसतात, शिव्या देतात, तरी 'त्याचा वाटा' असंही म्हणतात. त्यांच्याशी दोन शब्द बोला. लांडगा कुठे आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

वाघाचं म्हणाल तर 2024 च्या शेवटी टिपेश्वरहून एक वाघ चालत आमच्या बाजूला येडशी-बार्शीपर्यंत आला, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्याच्यासाठी सोलापूरला येऊ नका. वाघच हवा असेल तर ताडोबाचं बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचं जंगल, आहे. आखून दिलेली सफारी असली की बरं वाटत असेल तर पुणे वनविभागाने इंदापूर-बारामतीकडे माळरान सफारी सुरू केली आहे, ती तुमच्या वाटेवरच आहे. आमच्याकडे हाताशी गाडी आणि सबुरी लागते.

मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री बसलात तर सकाळी सोलापूर. मुक्काम शहरातच करा, सासू-सासऱ्यांना तेच सोयीचं. नान्नज बार्शी रस्त्यावर, वीस-बावीस किलोमीटर. सूर्योदय सहाच्या जरा नंतर होतो, तेव्हा माळावर असायला हवं, म्हणजे पाचला निघायचं. सकाळ माळावर करा, दुपारी सगळ्यांना झोपू द्या, चारला परत माळावर जा. दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी माळावर द्या, मग काहीतरी हाती लागतं. मधल्या वेळात तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव बघा. तिथे टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याची पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरताना दिसली तर मुलगी उठायलाच तयार होणार नाही. उजनी धरणावरचे रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब हंस हिवाळ्याचे पाहुणे. ऑगस्टमध्ये धरण भरत असतं, काठाचा गाळ पाण्याखाली जातो, त्यामुळे उजनीकाठच्या भिगवणची खेप या वेळी करू नका.

गाडीबद्दल एक सूचना मनावर घ्या. मुरमाच्या रस्त्यावर पाऊस झाला तरी गाडी चालते. काळ्या रानातली वाट ओली असेल तर आत घालू नका. चिखल चाकाला असा बसतो की चाक फिरतं आणि गाडी जागची हलत नाही, मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. बूट पूर्ण बंद हवेत, रस्त्याच्या कडेलासुद्धा. आमच्याकडे फुरसं हा विषारी साप आहे, तो दगडाच्या रंगाचा असतो. कपडे मळकट रंगाचे, लाल-पांढरे नकोत. आठ बाय बेचाळीसची साधी दुर्बीण पुरते, मुलीच्या गळ्यात तिची वेगळी द्या. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, माळावर दुकान नाही.

अभयारण्याचा प्रवेश, वेळ आणि बरोबर यायला स्थानिक माणूस, हे सगळं वन्यजीव विभागाच्या सोलापूर कार्यालयात आधी फोन करून ठरवा. पावसाळ्यात काही भाग विणीसाठी बंद ठेवला असेल तर हुज्जत घालू नका.

तारीख तुमच्या हातात असेल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरा. गवत चांगलं आलेलं असतं आणि भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) पहिले थवेही उतरू लागतात. सप्टेंबरअखेर जमलं तर भोवत्ये हे शिकारी पक्षीही येऊ लागलेले असतात, फक्त तेव्हा कुसळ पिकून मोज्यात घुसतं आणि पाऊसही जोराचा असतो. तारीख पक्की झाली की कळवा. मी मार्डीला फोन करून ओढ्याला पाणी किती आहे ते विचारून सांगते.